आधी ऊब, मग दूध

पावसाळ्याच्या तोंडाशी शहरातल्या सोसायट्यांमध्ये मांजरीची पिल्लं सापडायला लागतात. मीटरच्या खोलीत, जिन्याखालच्या अडगळीत, बरेच दिवस न हललेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये, कधी तर कुणीतरी खोक्यात भरून कचराकुंडीशेजारी ठेवलेली. हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात, ६३ ते ६५ दिवसांनी वितात, आणि आपल्याकडच्या हवेत हे चक्र जवळजवळ वर्षभर थांबत नाही. पिल्लाचा आवाज ऐकून कुणीतरी थांबतं, त्याला उचलून घरी आणतं, आणि पाच मिनिटांच्या आत त्याच्यासमोर गाईच्या नाहीतर म्हशीच्या दुधाची बशी येते. यात मायेची कमतरता कुठेच नसते. तरी अशी कितीतरी पिल्लं दोन-तीन दिवसांत दगावतात आणि घरातली माणसं ‘अगदीच लहान होतं, जगणार नव्हतंच’ अशी मनाची समजूत घालतात. ही समजूत मला मान्य नाही. यातली बरीच पिल्लं जगण्यासारखी असतात. मदतीचा क्रम उलटा झाल्यामुळे ती जातात. दूध ही या क्रमातली पहिली पायरी आहे असं आपण धरून चालतो आणि तिथेच घात होतो. दुधाच्या आधी करायच्या तीन-चार गोष्टी आहेत. त्या केल्याशिवाय दिलेलं दूध, मग ते कितीही चांगलं असो, पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे पिल्लू उचलायचं की नाही हे ठरवणं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात. आकडा सोडून द्या, पण निरीक्षण खरं आहे. जागा असुरक्षित वाटली की मांजरी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. चार पिल्लं असतील तर चार खेपा होतात आणि त्या दरम्यान एखादं पिल्लू एकटं पडलेलं दिसतं. शिवाय तिला स्वतःच्या पोटासाठी हिंडावं लागतं, त्यामुळे ती काही तास दूर असू शकते. पिल्लं एकमेकांना बिलगून गाढ झोपलेली असतील, अंगानं स्वच्छ आणि पोटानं गोल असतील, तर त्यांची आई आहे आणि ती येऊन-जाऊन आहे असं समजावं. खात्री हवी असेल तर पिल्लांच्या भोवती कणकेची बारीक रेघ ओढून ठेवावी आणि लांबून लक्ष ठेवावं. रेघ मोडलेली आणि पिल्लांची पोटं भरलेली दिसली म्हणजे उत्तर मिळालं. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लू टाकून देते ही भीती मात्र बहुतेक वेळा निराधार असते. पिल्लू पाण्यात पडलंय, रस्त्यावर आहे किंवा कुत्र्यांच्या वाटेत आहे, तर ते उचलून जवळच्याच आडोशाला कोरड्या खोक्यात ठेवायला हरकत नाही. आई शोधत येते आणि घेऊन जाते. जगातलं कुठलंही डबाबंद दूध आईच्या दुधाची बरोबरी करत नाही. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसात चिकातून मिळणारी प्रतिपिंडं तर दुसरीकडून मिळूच शकत नाहीत, कारण एका दिवसानंतर पिल्लाचं आतडं ती शोषून घेणं बंद करतं. म्हणून आई असलेलं पिल्लू घरी आणणं हे त्याचं नुकसान आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. जखमी, थंड पडलेलं, अंगावर माश्या किंवा मुंग्या बसलेलं, सतत ओरडणारं, किंवा मेलेल्या आईशेजारी सापडलेलं पिल्लू मात्र ताबडतोब उचलायला हवं.

उचललं, घरी आणलं. आता त्याला काय हवं? ऊब. पहिले तीन-चार आठवडे मांजरीच्या पिल्लाला स्वतःच्या शरीराचं तापमान नीट राखता येत नाही आणि अगदी नवजात पिल्लाला तर थंडीनं कुडकुडताही येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या शरीराचं तापमान ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट असतं, मोठ्या मांजराच्या १०१-१०२ अंशांपेक्षा बरंच कमी. ते ९५च्याही खाली गेलं की हृदयाचे ठोके मंदावतात आणि आतड्याची हालचाल जवळपास थांबते. अशा अवस्थेत पोटात गेलेलं दूध पचत नाही. ते तिथेच राहून आंबतं, पोट फुगतं, उलटून घशात येतं आणि श्वासनलिकेत उतरतं. गारठलेलं पिल्लू अनेकदा दूध पाजल्यानंतर तासाभरात जातं ते यामुळे. ‘मुंबईत कसली आलीय थंडी?’ असं कुणी विचारेल. पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला भोवतालची हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस लागते. पावसाळी रात्री ओल्या फरशीवर, भिजलेल्या अंगानं, वाऱ्यात पडलेलं १०० ग्रॅमचं पिल्लू मुंबईतही गारठून मरतं, मग पुण्या-नाशिकच्या डिसेंबरबद्दल बोलायलाच नको.

गारठा ओळखायला थर्मामीटर नसला तरी चालतं. पिल्लाच्या पंजांच्या गाद्या आणि तोंडाचा आतला भाग बोटानं चाचपावा. तोंड आतून गार लागलं तर दुधाचा विचारसुद्धा करू नये. ओलं असेल तर आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यावं. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं सुती कापड घालून एका बाजूला गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावी आणि दुसरी बाजू मोकळी सोडावी. फार गरम झालं तर पिल्लाला सरकता यायला हवं आणि बाटली गार झाली की लगेच बदलायला हवी, नाहीतर तीच बाटली पिल्लाची ऊब ओढून घेते. काहीच हाताशी नसेल तर आपल्या कपड्याच्या आत, छातीशी धरलं तरी पुष्कळ काम होतं. हे सगळं सावकाश व्हायला हवं, तास-दोन तास घेऊन. हीटरसमोर धरून किंवा गरम पाण्यात बुडवून झटपट तापवलं तर रक्तदाब कोसळतो. या काळात पिल्लू अगदी मलूल असेल तर ग्लुकोजच्या पाण्याचं ओलं बोट हिरड्यांना चोळावं, कारण इतक्या लहान शरीरात साखरेचा साठा जवळजवळ नसतो. एवढं करून तोंड आतून कोमट लागायला लागलं आणि तोंडात घातलेलं करंगळीचं टोक पिल्लू ओढून चोखायला लागलं, म्हणजे दुधाची वेळ झाली. चोखतच नसेल तर ते डॉक्टरांकडे न्यायचं पिल्लू आहे. नळीनं दूध पाजणं हे त्यांचं काम, आपलं नव्हे.

आता दुधाकडे येऊ. गाईच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिनं असतात, मांजरीच्या दुधात त्याच्या जवळपास दुप्पट. स्निग्धांशही मांजरीच्या दुधात जास्त असतो आणि त्या मानानं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी. गाईच्या दुधातलं हे जादा लॅक्टोज पिल्लाला पेलत नाही. न पचता ते मोठ्या आतड्यात जातं, पाणी ओढून घेतं आणि जुलाब सुरू होतात. १०० ग्रॅमच्या जिवाच्या शरीरातून पाणी जायला लागलं की सावरायला अर्धा दिवससुद्धा मिळत नाही. मग यावर घरगुती उपाय निघतो, दुधात निम्मं पाणी घालण्याचा. हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाला दिवसाला २० ते २५ किलोकॅलरी लागतात आणि त्याच्या पोटात एका वेळी चार मिलिलिटरच्या आसपासच दूध मावतं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ६५ किलोकॅलरी धरल्या तर निम्मं पाणी घातलेल्या दुधात ३२ उरतात. म्हणजे पिल्लाला दिवसभरात ६२ ते ७८ मिलिलिटर दूध पाजावं लागेल, म्हणजेच दिवसातून सोळा ते वीस वेळा. इतकं कुणी पाजत नाही. पिल्लू पोट भरूनही उपाशी राहतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो, पण लॅक्टोज तितकंच असतं आणि प्रथिनं तरीही कमी पडतात. शेळीच्या दुधाची ख्याती मोठी आहे, पण लॅक्टोजच्या बाबतीत ते गाईच्या दुधाहून फारसं वेगळं नाही.

दुसरा मुद्दा जुलाबांइतका चटकन डोळ्यात भरत नाही, पण तितकाच गंभीर आहे. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल लागतं आणि ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, आहारातूनच मिळावं लागतं. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की गाईच्या दुधातलं केसीन हेच मुख्य प्रथिन असलेला आहार दिलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा टॉरिनच्या अभावानं झिजत जातो. १९८७मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉरिनची कमतरता आणि मांजरांच्या हृदयाचा स्नायू कमकुवत होणं यांचा संबंध सिद्ध केला. टॉरिन दिल्यावर ती मांजरं सुधारत होती, हेही त्यांनी दाखवलं. तेव्हापासून मांजरांच्या खाद्यात टॉरिनचं प्रमाण काटेकोरपणे पाळलं जातं. मांजरीच्या पिल्लांसाठी म्हणून मिळणारी दुधाची पावडर ही कंपन्यांनी माथी मारलेली चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा. डब्यावर मांजराच्या पिल्लांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. कुत्र्याच्या पिल्लांची पावडर किंवा माणसाच्या बाळाची पावडर त्या जागी चालत नाही. पावडर लगेच मिळाली नाही तर डॉक्टरांना फोन करून एखाद्या दिवसापुरतं काय द्यायचं ते विचारावं. आणि शेजारपाजारी एखादी मांजरी नुकतीच व्याली असेल तर तिच्या पिल्लांत हे पिल्लू सोडून पाहणं हा सगळ्यांत उत्तम उपाय. मांजरी परक्या पिल्लाला बऱ्याचदा सहज पदराखाली घेतात. फक्त दोन्हीकडे आजार नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

‘आमच्या आजीच्या घरी पिढ्यान् पिढ्या मांजरं दुधावरच वाढली’, हा आक्षेप हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गावाकडच्या घरात मांजर होतं, त्याला बशीत दूध मिळत होतं आणि ते जगत होतं, हे खरंच आहे. पण ते मांजर पहिले दीड-दोन महिने आईच्या अंगावर प्यालेलं असायचं आणि पुढं कणगीतले उंदीर मारून खायचं. उंदरातून त्याला प्रथिनं मिळत, टॉरिन मिळत असे, हाडांतलं कॅल्शियमही मिळत असे. बशीतलं दूध हा वरचा खाऊ होता आणि काही मोठ्या मांजरांना थोडं दूध पचतंही. आई नसलेली दहा दिवसांची पिल्लं त्या घरांतही मरतच होती. फक्त त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. परंपरेनं आपल्याला जगलेली मांजरं दाखवली आणि त्यावरून आपण निष्कर्ष काढला.

दूध कोणतं याइतकंच ते पाजायचं कसं हेही महत्त्वाचं आहे. आपण माणसाच्या बाळासारखं पिल्लाला पाठीवर उताणं धरतो. त्या स्थितीत दूध सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं. पिल्लू आईला पितं तेव्हा पोटावर असतं, मान किंचित वर उचललेली असते आणि पुढचे पंजे आईच्या पोटावर दाबत असतात. मांडीवर टॉवेल घालून त्याला तसंच पालथं ठेवावं, पंजे रोवायला टॉवेलची कड द्यावी आणि छोट्या बाटलीचं बूच किंवा सिरिंजचं टोक तोंडाच्या कडेनं आत सरकवावं. दूध मनगटावर टाकल्यावर कोमट लागलं पाहिजे. सिरिंजचा दट्ट्या आपल्या घाईनं ढकलू नये. पिल्लू जितकं ओढेल तितकाच थेंबाथेंबानं पुढं सरकवावा. नाकातून दुधाचा बुडबुडा आला तर तिथेच थांबावं, तोंड खाली करून नाक पुसावं, आणि त्यानंतर श्वास घरघरायला लागला तर डॉक्टर गाठावा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, पुढं हळूहळू अंतर वाढवत पाजावं. दर वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसत राहावं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून लघवी-शी होत नाही. आई चाटते तेव्हाच होते, आणि ते काम आपल्याला करावं लागतं. हे ठाऊक नसल्यामुळे दूध व्यवस्थित पिणारी पिल्लंही पोट तडस लागून कासावीस होतात.

घरात एखादंच साधन घ्यायचं असेल तर मी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्यायला सांगेन. जन्माच्या वेळी पिल्लू ९० ते ११० ग्रॅमचं असतं. रोज १० ते १५ ग्रॅमनं वाढतं आणि दोन आठवड्यांत जन्मवेळच्या दुप्पट होतं. महिन्याचं पिल्लू ४०० ग्रॅमच्या पुढं असायला हवं. रोज ठरलेल्या वेळी वजन करून कागदावर लिहावं. पिल्लू तरतरीत दिसतंय, ओरडतंय, खेळतंय, या सगळ्या गोष्टी फसव्या ठरतात. आकडा फसवत नाही. २४ तासांत वजन वाढलं नाही तर काहीतरी बिनसलंय आणि घटलं तर त्याच दिवशी दवाखाना. वयाचा अंदाजही असाच बघून-मोजून घ्यावा. आठ ते बारा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुढचे बारीक दात हिरडीत टोचायला लागतात, चौथ्यात सुळे येतात. सुळे दिसायला लागले की पावडरच्या दुधात पिल्लांचं खाद्य भिजवून त्याची पातळ पेज ताटलीत द्यावी आणि दुधाची बाटली हळूहळू कमी करावी. शाकाहारी घरांची इथे अडचण होते हे मान्य, पण मांजर हा मांसाहारी प्राणी आहे आणि दूध-पोळी, वरण-भात यांवर त्याची वाढ होत नाही. मांस शिजवायचं नसेल तर पिल्लांसाठीचं तयार खाद्य आणावं, कुत्र्यांचं नव्हे. जिथे चिकन शिजतं तिथे रश्शातला तुकडा देण्याचा मोह टाळावा. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि आपल्या कुठल्याही रश्शात ते दोन्ही असतात.

औषधोपचारांच्या बाबतीतही मला पहिल्यांदा सांगावंसं वाटतं ते काय करू नये हेच. काही रसायनांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. म्हणून तापावरची साधी पॅरासिटामॉल, जी आपल्या प्रत्येक घरात असते, ती मांजराला विष आहे. गोळीचा छोटा तुकडाही पिल्लाला मारू शकतो. फरशी पुसायचं फिनाइल आणि जखम धुवायचं डेटॉल यांतली फिनॉल वर्गातली द्रव्यं पंजांना लागून, चाटण्यातून पोटात जातात आणि तितकीच घातक ठरतात. कुत्र्याच्या पिसवांसाठी मिळणाऱ्या औषधांत परमेथ्रिन असेल तर त्याच्या चार थेंबांनी मांजराला झटके येतात. पिसवांचं मात्र काहीतरी करावंच लागतं. पिसवांनी भरलेलं पिल्लू रक्तक्षयानं मरतं, त्याच्या हिरड्या गुलाबी असायच्या त्या पांढऱ्याफटक दिसतात. पाच-सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लावर औषध न वापरता बारीक दातांच्या फणीनं पिसवा काढाव्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवाव्या. गरजच पडली तर मानेपासून खाली कोमट पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करून उबेत ठेवावं. डोळे पुवानं चिकटले असतील तर कोमट पाण्याच्या कापसानं आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसून उघडावे आणि डॉक्टरांकडून थेंब आणावे. घरातल्या जुन्या बाटलीतले थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर व्रण असेल तर डोळा जातो. जंतांचं औषध तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी लागतं, कारण गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. त्याचा डोस वजनावर ठरतो, म्हणजे पुन्हा वजनकाटा आलाच.

ज्या आजाराची धास्ती घ्यावी असा एकच निवडायचा तर तो पॅनल्यूकोपेनिया. हा पार्व्हो विषाणूचा आजार आहे. उलट्या, जुलाब, ताप, पांढऱ्या पेशींचा ऱ्हास, आणि लहान पिल्लांत तो फार जीव घेतो. विषाणू घरात कित्येक महिने तग धरतो. फिनाइल, सॅनिटायझर यांना दाद देत नाही, पातळ केलेल्या ब्लीचनं मरतो. घरात आधीच मांजर असेल तर नव्या पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवायला हवं आणि त्याला हाताळल्यावर हात धुऊन कपडे बदलायला हवेत. याच आजारासह सर्दीच्या दोन विषाणूंवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. ती तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. ‘एकदा दिली की झालं’ असं अनेकांना वाटतं. पण आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असेपर्यंत ती लसीलाच निष्प्रभ करतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलतं. म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्यायच्या. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर. पिल्लू चावलं किंवा त्यानं ओरबाडून रक्त काढलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी. पिल्लू आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. घरात गरोदर बाई असेल तर पिल्लू बाहेर काढा, असा सल्ला सर्रास दिला जातो, तो अतिरेकी आहे. त्यामागे टोक्सोप्लाझ्मा या जंतूची भीती असते, पण त्याचं बीजांड विष्ठेत पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. विष्ठेचा ट्रे रोज, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी साफ केला तर हा मार्ग बंद होतो. कच्चं-अर्धकच्चं मांस आणि बागेतली माती यांतूनही हा जंतू येतो, पण त्यांची आठवण फारशी कुणाला राहत नाही.

‘निसर्गावर सोडा, जगायची ती जगतील’, असं शांतपणे सांगणारी माणसं भेटतात. निसर्गावर सोडलेल्या पिल्लांचं काय होतं याची मोजदाद अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामध्ये झाली आहे. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मोकळ्या फिरणाऱ्या मांजरींच्या १६९ पिल्लांपैकी १२७, म्हणजे ७५ टक्के, सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली, आणि सगळ्यांत मोठं कारण इजा होऊन मरण हे होतं. आणि शहरातली मांजरं निसर्गात राहतच नाहीत. ती आपल्या कचऱ्यावर, आपल्या गाड्यांखाली, आपण बंद केलेल्या शाफ्टमध्ये राहतात. त्यांच्या मरणाची कारणं आपण निर्माण केलेली असतील तर निसर्गाचं नाव पुढं करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. पावडर महाग असते, लसी महाग असतात आणि सगळ्यांना ते परवडत नाही. पण ज्या गोष्टींनी जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त वाढते, त्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत. आईची वाट पाहणं, गरम पाण्याची बाटली, पालथं धरणं, ओला कापूस. उपचारांसाठीही केवळ महागडे खासगी दवाखाने आहेत असं नाही. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करत आलं आहे. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत दवाखाने आहेत आणि जिल्ह्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयं आहेत. तिथे गाई-म्हशींची गर्दी असते म्हणून मांजर न्यायला लोक संकोचतात. संकोच करू नये.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. एक पिल्लू वाचवलं तर ती मांजरी आणखी तीनदा विणार, मग तुम्ही किती पुरे पडणार? याला उत्तर एकच, आणि त्याशिवाय वरचं सगळं अपुरं आहे. वाचवलेलं पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की त्याची नसबंदी करायचीच, कारण मांजरी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते. आणि ज्या मांजरीची ती पिल्लं, तिला शोधून तिचीही शस्त्रक्रिया करून घ्यायची. पिल्लांना पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे पिल्लं खायला लागली की उशीर करण्यात अर्थ नाही. मुंबई आणि पुणे महापालिकांनी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीनं मांजरांच्या नसबंदीचं काम हाती घेतलं आहे. आपल्या प्रभाग कार्यालयात त्याची चौकशी करता येते. घरच्या मांजरीची नसबंदी न करता तिची पिल्लं खोक्यात घालून सोडून देणाऱ्यांना हेही सांगायला हवं की उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. आपल्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत पाणी आणि पार्किंग यांच्याबरोबर मांजरींच्या नसबंदीचा विषय मांडा आणि त्यासाठी वर्गणी काढा. पुढच्या पावसाळ्यात मीटरच्या खोलीत किती पिल्लं सापडतील हे त्या वर्गणीवर अवलंबून आहे.